वेबिल

मी शाळेत इतिहास शिकवते. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालं, 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई कशानं गेल्या, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण 2021 च्या एप्रिलमध्ये माझे वडील, आप्पा, कोरोनानं नऊ दिवस दवाखान्यात होते, त्यातला कुठला दिवस कुठल्या दिवसाच्या मागून आला, हे मला पुढची तीन वर्षं सांगता येत नव्हतं.

विसरले होते असं नाही. विसरले असते तर बरं झालं असतं. लिफ्टसमोर फरशीवर चिकटवलेली पिवळी पट्टी आठवत होती. गेटवरच्या वॉचमनच्या दोन पायांत दोन निराळ्या चपला होत्या, त्या आठवत होत्या. दवाखान्याच्या मागच्या अंगणातली उंच पांढरी टाकी आणि तिच्या नळ्यांवर भर उन्हात साचलेला बर्फ, हे तर इतकं लख्ख की हात लावला तर गार लागेल. पण मी त्या टाकीसमोर का उभी होते आणि किती वेळ, ते माहीत नव्हतं. काचेपलीकडून कुणीतरी "स्कोअर किती?" विचारलं होतं, मी "18" म्हणाले होते आणि विचारणाऱ्यानं नजर वळवली होती. (छातीच्या स्कॅनचा तो स्कोअर 25 पैकी असतो, जितका जास्त तितकं वाईट. माझ्या वर्गात 25 पैकी 18 पडले की पोरं घरी पेढे मागतात.) सगळं स्वच्छ, पण सुटं. माळ तुटून मणी घरभर जावेत तसं. शोधायला गेलं की सापडत नाहीत आणि रात्री पाण्याला उठलं की नेमके पायाखाली येतात.

दवाखान्यातून रोज संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान एक फोन यायचा, मिनिटभराचा. "पेशंट स्टेबल आहे", किंवा "ऑक्सिजन थोडा वाढवलाय". शेवटचा तेवढा पहाटे आला. तेव्हापासून माझा फोन सायलेंटवर आहे. पहिलं वर्षभर तर तीच धून पीएमटीत दुसऱ्या कुणाच्या खिशात वाजली तरी मी मधल्याच स्टॉपवर उतरून जायचे. नातेवाईक म्हणतात, ही फोन उचलत नाही, पुण्यात राहून शिष्ट झाली. म्हणू देत.

आप्पा एसटीत कंडक्टर होते, फलटण आगारात. आता मशीनमधून चिठ्ठी निघते. तेव्हा तिकिटांचे गठ्ठे, चिमटा, चामड्याची बॅग आणि वेबिल. वेबिल म्हणजे लांबलचक छापील तक्ता. दर स्टेजला, म्हणजे दर 6 किलोमीटरला, प्रत्येक गठ्ठ्यातलं वरचं तिकीट कितव्या नंबरचं आहे ते त्यात लिहायचं. गाडीत उभं राहायला जागा नसो, कुणाची कोंबडी सुटलेली असो, पाऊस आत येत असो, स्टेज आली की लिहायचं. पुढच्या वळणावर चेकिंग चढलं आणि मागची स्टेज कोरी सापडली तर खैर नाही. हिशेब आगारात जमा व्हायचा, पण आप्पा तो घरी जेवताना पुन्हा एकदा आईला सांगत बसायचे. कुठल्या स्टेजला किती चढले, कोण फुकट्या सापडला, सुट्या पैशांवरून कोण भांडलं. "गर्दी कितीबी असू दे," ते म्हणायचे, "मागची स्टेज लिहिल्याबगर पुढचं तिकीट फाडायचं न्हाई."

एप्रिल 2021 मध्ये मी एकही स्टेज लिहिली नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, 30 जून 2020 ला, माउलींच्या पादुका आळंदीहून एसटीनं पंढरपूरला निघाल्या. पायी वारी नाही, वाटेवर माणूस नाही, फुलांनी मढवलेली एकटी गाडी. आप्पा सकाळपासून टीव्हीसमोर बसले होते. दरवर्षी पालखी फलटणला मुक्कामाला असते तेव्हा आमच्या घरी दिंडीतली दहा-बारा माणसं जेवायची. त्या वर्षी भाकरी थापायची नव्हती म्हणून आईही येऊन बसली. गाडी हलली तसं आप्पांनी हात जोडले आणि म्हणाले, "बघ गं, माउलींनासुदिक शेवटी आपलीच गाडी." मग थोड्या वेळानं, "तिकीट कुणी फाडलं असंल?" त्या वर्षातली माझ्याजवळची सगळ्यात धड आठवण ही. पहिल्या लाटेत आमच्या घराला काही झालं नाही. आम्हाला वाटलं, आपण सुटलो.

दुसऱ्या लाटेचं इथं थोडक्यात सांगते. फलटण, बारामती, सातारा करत शेवटी पुण्यात बेड मिळाला. मी पुण्यातच असल्यानं दवाखान्याची धावपळ माझ्याकडे. आईचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह, पण ताप साधा, म्हणून ती फलटणला घरातच कोंडलेली. भाऊ मस्कतला, त्याला येता आलं नाही. त्यानं वडिलांना अग्नी देताना मोबाइलवर पाहिलं. अग्नी म्हणजे विजेच्या दाहिनीचं दार वर गेलं आणि खाली आलं. मी वीस फुटांवर उभी होते. मोबाइल धरलेला माझा हात हलत होता म्हणून त्याला तेही नीट दिसलं नाही, हे त्यानं मला फार नंतर, एकदा भांडताना सांगितलं.

आणि मग कुणीही आलं नाही.

आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात, माणसं भेटायला येतात, दारातच चपला काढून भिंतीला टेकून बसतात. काही काळ कुणी बोलत नाही. मग कुणीतरी विचारतं, "कसं झालं?" घरातलं माणूस पहिल्यापासून सांगायला लागतं. तासाभरानं दुसरं कुणी येतं, पुन्हा "कसं झालं?", पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी मला हा प्रकार क्रूर वाटायचा. त्या बाईला किती वेळा तेच तेच सांगायला लावता? आता कळतं की तेरा दिवसांत ती बाई ती गोष्ट चाळीस वेळा सांगायची. पहिल्यांदा सांगताना तिची वाचा बंद व्हायची, दहाव्यांदा क्रम लागायचा, आणि तेराव्याच्या पंगतीपर्यंत ती "मग डॉक्टर म्हणले…" इथवर न थांबता पोचायची. आमच्याकडे हे एकदाही झालं नाही. मला फोन यायचे, "काळजी घे, पॉझिटिव्ह राहा" असे. त्या महिन्यात पॉझिटिव्ह शब्द तोंडातून काढताना माणसाला काहीच कसं वाटत नव्हतं, कोण जाणे.

आईकडे तर फोनही कमीच. दाराबाहेर डबा ठेवून शेजारीण लांबून हाक मारायची. पण कुणी न येण्यातून एक गोष्ट घडली. आईच्या बांगड्या फोडायलाही कुणी आलं नाही. एरवी चार बायका जमून ते काम मन लावून करतात. आई चौदा दिवसांनी बाहेर पडली ती हातात हिरव्या बांगड्या घालूनच, आणि इतके दिवस उलटल्यावर त्या काढ असं तोंडावर म्हणायचं धाडस कुणाला झालं नाही. पुढे मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कोरोनात ऐन उमेदीतल्या कितीतरी बायका एकट्या पडल्या होत्या, त्याची ती आच होती. त्याच महिन्यात सरकारचंही परिपत्रक निघालं. आईनं ती बातमी ऐकली, हात वर करून बघितला आणि म्हणाली, "घ्या, माझ्या बांगड्यांचा ठराव पास झाला."

ती हे म्हणाली तेव्हा मी हसले नाही. मी तेव्हा कशालाच हसत नव्हते.

बाहेरून पाहणाऱ्याला मी ठणठणीत होते. शाळा सुरू झाली, मी शिकवत होते, पेपर तपासत होते. महामारी संपली असंही सगळ्यांनी ठरवून टाकलं. 5 मे 2023 ला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी उठवल्याचं जाहीर केलं तेव्हा स्टाफरूममध्ये कुणी वर्तमानपत्रातून मान वर काढली नाही. मी मात्र वर्षातून एकदा आजारी पडत होते. ताप नाही, पण थंडी वाजायची, पोटात गोळा यायचा, रात्री तीनला जाग येऊन छातीत धडधडायचं. डॉक्टर कधी ऊन म्हणाले, कधी पित्त, कधी वय. पहिल्यांदा 2022 च्या एप्रिलच्या सुरुवातीला, मग 2023 च्या मार्चमध्ये. तारखा निराळ्या, म्हणून मला त्यांत काही धागा दिसला नाही. मी इतिहासाची शिक्षिका, मी इंग्रजी तारखा बघत होते. शरीर पंचांग बघत होतं. 2022 चा पाडवा 2 एप्रिलला होता, 2023 चा 22 मार्चला. बाजारात कडुलिंबाच्या डहाळ्या आणि साखरेच्या गाठी आल्या की माझी थंडी सुरू व्हायची. आप्पांना कणकण आली तो दिवस पाडव्याचा होता, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्याला जोडून बघणं वेगळं.

2023 च्या डिसेंबरात वर्गात एक गोष्ट झाली आणि लपवायला जागा राहिली नाही. मी प्लेग शिकवत होते. हा धडा पोरांना आवडतो. सोल्जर घरात घुसतात, रँड आहे, चापेकर बंधू आहेत, आजाऱ्यांची सेवा करता करता सावित्रीबाईंना लागण होते; मागच्या बाकावरची पोरंही जागी असतात. रँडपर्यंत आले आणि शाळेबाहेरच्या रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली. रोज जाते. त्या दिवशी ती सिग्नलला अडकली, सायरन वाजतच राहिला. पुढचं मला आठवतं ते एकदम स्वच्छतागृहातल्या फरशीवर बसलेली असतानाचं. मधल्या सुट्टीत एक मुलगी माझं पुस्तक आणि डस्टर घेऊन स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, रँडपर्यंत झालं होतं," एवढंच म्हणाली आणि पुस्तकात खूण म्हणून घातलेली तिची वेणीची रिबीन तशीच ठेवून गेली.

शाळेच्या फलकावर 14416 हा नंबर मीच लावला होता, मुलांसाठी. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली. मुलांसाठी लावलेला नंबर बाईंनी फिरवावा का, या विचारात मी दोन दिवस घालवले. पहिल्यांदा उचलल्याबरोबर ठेवून दिला. दुसऱ्यांदा बोलले. पलीकडच्या बाई मराठीत बोलत होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी प्रत्यक्ष कुणाला तरी भेटा म्हणून सांगितलं आणि अशा रीतीनं मी एका समुपदेशक मॅडमच्या खोलीत जाऊन पोचले. तिथं चहा मिळत नाही, पण बाकी ती भेटायला आल्यावर बसतात तशीच खोली होती.

मी त्यांना आधीच सांगून ठेवलं, की मला बोलून मोकळी वगैरे व्हायचं नाही. मे 2021 मध्ये एका मैत्रिणीनं मला फोनवर "सगळं आत्ताच्या आत्ता बोलून टाक" असा आग्रह केला होता. मी बोलले होते आणि आठ दिवस झोपले नव्हते. मॅडम म्हणाल्या, ते तुमचं चुकलं नव्हतं. आघात झाल्याझाल्या माणसाला एकाच बैठकीत सगळं ओकायला लावायचं, अशी पद्धत मध्यंतरी बरीच चालली; पण तपासून पाहिलं तेव्हा तिचा उपयोग दिसला नाही, काहींना तर उलट त्रासच झाला. शिवाय असं संकट भोगलेली बहुतेक माणसं आपली आपण सावरतात, दुःख हा काही आजार नव्हे, हेही त्यांनी सांगितलं. आजार कधी म्हणायचं यावर पुस्तकांचंही एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची जी यादी जानेवारी 2022 पासून लागू झाली, तिच्यात लांबलेल्या शोकाला सहा महिन्यांची हद्द आहे. अमेरिकन पुस्तकात मोठ्या माणसांसाठी बारा महिन्यांची. मला गंमत वाटली. आपल्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात गोडाचा सण करत नाहीत. तिकडच्या डॉक्टरांना बारा महिने ठरवायला समिती बसवावी लागली.

मग त्यांनी एक दोरी काढली. साधी, सुताची. जमिनीवर पसरली आणि म्हणाल्या, हे तुमचं आयुष्य. हे टोक जन्म. चांगल्या गोष्टींच्या जागी फूल ठेवायचं, वाईटाच्या जागी दगड. दुसऱ्या टोकाची दोरी गुंडाळलेलीच राहू द्यायची, ते अजून यायचंय. ही रीत मुळात युद्धातून जीव वाचवून पळालेल्यांसाठी तयार झाली. युगांडातल्या वसाहतीत राहणाऱ्या सुदानी निर्वासितांबरोबर तिचा सुरुवातीचा अभ्यास झाला होता. मी मात्र त्या दोरीकडे बघून दुसऱ्याच गावाला गेले. एसटीच्या छताखालून पुढपासून मागपर्यंत अशीच दोरी असायची. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. पाच वर्षांची असताना आप्पांनी मला कडेवर उचलून ती ओढू दिली होती आणि एवढी मोठी गाडी माझ्या हातानं हलली होती. पहिलं फूल तिथं ठेवलं. शेवंतीचं होतं.

दगड ठेवायला तीन भेटी लागल्या. मॅडमचं म्हणणं साधं होतं. घाबरलेला मेंदू वास, आवाज, उजेड घट्ट धरून ठेवतो. पण हे कधीचं, कुठलं, कशाच्या आधीचं, हा शिक्का त्यावर मारायचं राहून जातं. म्हणून सायरन वाजला की आठवण आल्यासारखं वाटत नाही, तेच पुन्हा घडतंय असं वाटतं. मी कंडक्टरची मुलगी, मला हे एका झटक्यात कळलं. चिमटा न मारलेलं तिकीट. ते कुठल्याही दिवशी, कुठल्याही गाडीत पुन्हा चालतं.

तेव्हापासून मला वर्गातला दुसरा एक प्रश्नही वेगळा दिसायला लागला. प्लेग आपल्या लक्षात आहे. पण 1918 चा इन्फ्लुएंझा? मुंबईत तो त्या वर्षी जूनमध्ये आला, आणि पाऊस सरता सरता जी दुसरी लाट उसळली तिनं गावंच्या गावं झोपवली. हिंदुस्थानात किती माणसं गेली याचे संशोधकांचे अंदाज एक कोटीच्या पुढेच सुरू होतात. माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची, मानमोडीत घरटी एक गेला. मानमोडी, किती नेमका शब्द. पण त्या मानमोडीचा कुठं पुतळा नाही, पुण्यतिथी नाही, आणि कुठल्या परीक्षेत तिच्यावर टीपा लिहा असं आल्याचं मी पाहिलेलं नाही. प्लेगला रँड होता, चापेकर होते, सावित्रीबाई होत्या, सुरुवात-मध्य-शेवट होता. 4 फेब्रुवारी 1897 चा साथरोग कायदा तर इतका टिकाऊ निघाला की मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा तोच लागू झाला. मानमोडीला ना खलनायक मिळाला ना नायक. ज्याची गोष्ट झाली नाही, ते लोकांच्या आठवणीत राहिलं नाही. मग ते कुठं गेलं? घराघरात बायका रात्री तीनला उठून बसत असतील. त्यांना कुणी ऊन म्हणालं असेल, कुणी बाहेरचं म्हणालं असेल.

मॅडमकडे मी नऊ वेळा गेले. दर वेळी त्या एप्रिलमधून एकदा सावकाश चालत जायचं. काय दिसलं, काय ऐकू आलं, अंगात कुठं काय झालं, आणि आत्ता तुम्ही कुठं आहात. पहिल्या दोन-तीन वेळा घरी येऊन दुपारभर झोपावं लागलं. मग झोप कमी लागली. मधल्या काळात माळ्यावरची पिशवीही खाली काढली. दवाखान्यानं दिलेली, गाठ मारलेली, तीन वर्षं न उघडलेली. चष्मा, घड्याळ, कवळीची डबी, चार्जर, एक पंचा. चिठ्ठी-बिठ्ठी काही नव्हती. असती तर हा लेख लिहायला सोपा गेला असता.

पण काही दगड जागेवर बसत नव्हते. पांढरी टाकी कुठं ठेवायची ते कळेना. आणि शेवटचे तीन-चार दिवस तर कोरेच. फोन बदलल्यामुळे जुने कॉलही गेले होते. मॅडमनी विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत असेल?"

आईला मी त्या नऊ दिवसांबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींना जपत होतो, म्हणजे एकमेकींना टाळत होतो. एकदाच झाकण हललं होतं, 2022 च्या वारीत. दोन वर्षांनी पायी पालखी आली, आईनं हट्ट धरला आणि मी तिला घेऊन फलटणच्या गर्दीत उभी राहिले. मला श्वास लागत होता. प्रत्येक खोकणाऱ्याकडे माझी मान वळत होती. आणि आई? आई शेजारच्या अनोळखी बाईशी बोलत होती. ती लोणंदकडची होती. "तुमचे कधी गेले?" "दुसऱ्या लाटंत." "आमचा ल्योक. त्याच लाटंत." "कसं झालं?" त्या बाईनं डोक्यावरची तुळस खाली ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला लागली. पालखी समोरून गेली तरी दोघींचं चालूच होतं. मी ऐकू नये म्हणून दोन पावलं लांब जाऊन उभी राहिले होते.

2024 च्या पाडव्यानंतरच्या रविवारी मी एक फुलस्केप वही घेऊन फलटणला गेले. आई गच्चीवर सांडगे घालत होती. दोघी असल्या की हात चालू असलेला बरा, म्हणून मीही पीठ घेतलं. वहीत आडव्या रेघा मारून ठेवल्या होत्या, डाव्या बाजूला तारखा.

"हे काय, वेबिल?" आई म्हणाली.

मी हो म्हटलं. तिनं पुढं काही विचारलं नाही, सांगायलाच लागली. तिच्याकडे एकही तारीख नव्हती. तिच्याकडे तिथ्या होत्या, एकही न गळलेली.

"पाडव्याला कणकण. श्रीखंडाला हात लावला न्हाई, तिथंच मी वळखलं." मी लिहिलं, 13 एप्रिल. "तिजंला गौर बसवली तवा खोकला." 15 एप्रिल. "पंचमीला गाडी आली न्यायला. चपला घालून गेलं न्हाईत, तशीच गेली." 17 एप्रिल, शनिवार. "मग रामनवमी. त्या दिशी सुंठवडा केला न्हाई. टीव्हीवर नाशिकचं दाखवत व्हते."

नाशिकचं. 21 एप्रिल 2021, महापालिकेच्या रुग्णालयातली ऑक्सिजनची टाकी गळली आणि व्हेंटिलेटरवरची वीसहून जास्त माणसं गेली.

"मी तुला फोन केला," आई म्हणाली. "म्हणलं, तिथली टाकी बघ. तू म्हणालीस, हा दवाखाना येगळा हाय, आई. मी म्हणलं, तरी बघून ये."

मी हातातलं पीठ खाली ठेवलं. मी बघून आले होते. तिच्या सांगण्यावरून मी दवाखान्याच्या मागं जाऊन त्या पांढऱ्या टाकीसमोर उभी राहिले होते, कुठं वाफ निसटतेय का ते शोधत, आणि नळ्यांवरचा बर्फ बघून घाबरले होते. मागून कुणीतरी म्हणालं होतं, ताई, तो असतोच. तीन वर्षं गार लागत असलेली ती टाकी त्या रांगेत जाऊन बसली. रामनवमी, दुपार.

"एकादशीला त्यांचा मला फोन आला," आई म्हणाली.

"काय?"

"दोन वाक्यं बोलले. मास्क व्हता. म्हणले, उपास सोड, तुला ताप हाय."

हे मला माहीत नव्हतं. मी त्यांचा आवाज शेवटचा पंचमीला ऐकला होता, ॲम्ब्युलन्सच्या पायरीशी. त्यानंतर ते बोललेच नाहीत असं मी धरून चालले होते.

"सोडलास का मग?"

"न्हाई." तिनं एक सांडगा घातला. "त्येवढं एक त्यांचं ऐकलं न्हाई."

23 एप्रिलच्या ओळीत मी हे सगळं लिहिलं. शेजारच्या रकान्यात संध्याकाळच्या फोनमधला ऑक्सिजनचा आकडा टाकत आले होते, जिथं आठवला तिथं. एकादशीचा आठवत होता, 84. पुढं बारस, तेरस. दोन्ही ओळी कोऱ्या. आईकडे काही नव्हतं, माझ्याकडे काही नव्हतं. मी पान उलटायला लागले तशी तिनं पिठाच्या हातानं वही धरली.

"कोरं सोडायचं नसतंय. फोन तर येत असंल ना? काय म्हणायचे?"

"आहे तसंच आहे, इतकंच."

"मग वरचाच आकडा परत लिही. कुणी चढलं न्हाई, उतरलं न्हाई, तर आदला नंबरच पुन्हा लिहायचा. तुझ्या बापानं तीस वर्सं लिहिलं."

मी 84 लिहिलं. त्याखाली आणखी एकदा 84. त्याखाली 26 एप्रिल, हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशीची पहाट, चार वाजून चाळीस मिनिटं.

"खाली सही कर," आई म्हणाली.

मी केली. तिनं पेन मागून घेतलं, पदराला हात पुसले आणि माझ्या सहीखाली तिची, सावकाश, एकेक अक्षर जोडत. हात नीट पुसले गेले नव्हते. शेवटच्या अक्षरावर मूगडाळीचं पीठ लागलं ते अजून तिथंच आहे.